ओढ

फळीवर आधी टकटक करून पाहिलं मी,
जणू आत कुणी असेल आणि म्हणेल, थांबा, आले.
सत्याहत्तर साली बाबांनीच ठोकली होती ती,
गॅसचा हीटर आला त्या हिवाळ्यात,
वर फुलाफुलांचा कागद चिकटवून.
"राख उचलायची कटकट गेली एकदाची."
आई काही बोलली नाही.
तिनं फक्त खुर्ची फिरवली खिडकीकडे.

खिळे निघताना किंचाळले.
मग पायांवर एक गार श्वास,
ओल्या काजळीचा, जुन्या नाण्यांसारखा.

मंगळवारी मर्विन आला, लेकीला घेऊन.
ब्रशच्या काठ्या एकीत एक अडकवत म्हणाला,
"आधी ओढ आहे का बघू.
ओढ नसेल तर चिमणी म्हणजे नुसतं भोक."
लोवरी रस्त्यात उभी, मान वर करून.
पाटीच्या दगडाची छपरं ओळीनं ओली, निळसर.
ब्रश वर निघाला की ओरडायचं,
एवढंच तिचं काम.

तासभर ती ओरडलीच नाही.
खाली, माझ्या जाजमावर,
काटक्या. आणखी काटक्या.
चिमणीत कावळ्यांनी घर केलेलं,
इथले ते करड्या मानेचे, बुटके;
वर्षावर वर्ष, घरावर घर,
मेंढ्यांची लोकर, निळी सुतळी, आइस्क्रीमचा चमचा.
चार पोती भरली.
"टाकू नका," मर्विन म्हणाला,
"याहून सुकं सरपण सगळ्या वेल्समध्ये मिळायचं नाही."

दुपारी त्यानं धुराची गोळी पेटवली.
पांढरा धूर शहाण्या मुलासारखा वर गेला,
आम्ही तिघं बाहेर.
आमच्या चिमणीतून एक बारीक रेघ, लाजत.
आणि शेजारच्या माडीची खिडकी धाडकन उघडली:
धूर, मागोमाग एम्रिस,
बनियनवर, अर्ध्या गालाला साबण.

अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
कारण एक कुंपण, वीतभर सरकलेलं.
कुंपण केव्हाच कुजून पडलं,
अबोला चांगल्या लाकडाचा निघाला.

"नेस्टा!" तो ओरडला,
"तू माझ्या झोपायच्या खोलीत शिरलीयस!"
मर्विननं टोपी तोंडावर धरली.
लोवरीनं धरली नाही.

भिंत एकच आमची.
तिच्या पोटात दोन धुराडी, अंगाला अंग लावून चढत गेलेली,
आणि मधल्या चार विटा
कधीच्या विरघळून गेलेल्या.
म्हणजे रात्री तीनला खोकायचा तो पाइप
पाइप नव्हता.
"आणि तुझा रेडिओ," एम्रिस म्हणाला,
माझ्या पायरीवर उभा, साबण वाळलेला,
"माझा बिघडला तो मी दुरुस्तच नाही केला."

विटांचा खर्च निम्मा-निम्मा.
दोन तुझ्या, दोन माझ्या, मी म्हटलं.
त्याच्या खोलीतून भोक पाडून मर्विननं त्या बसवल्या,
चुना वाळायला आठ दिवस लागले.
आठही रात्री मी कान देऊन होते.
नवव्या रात्री काही नाही.
भिंत भिंतीसारखी.

मग कावळ्यांच्या काटक्या रचल्या, खाली कागद.
धूर आधी खोलीतच आला,
माझ्या डोळ्यांत, पडद्यांत.
मर्विन सांगून गेला होता:
गार चिमणी खाली ढकलते,
ऊब लागल्याशिवाय तिला ओढ लागत नाही.
जळता कागद हातभर उंच धरून बसले,
बोटं पोळेपर्यंत.
आणि अचानक
कुणीतरी वरून दोर खेचावा तशी
ज्योत ताठ झाली,
घर हुंकारलं.

छपरावर नव्या जाळीपाशी दोन कावळे
कितीतरी वेळ शिव्या घालत होते.
बरोबरच होतं त्यांचं.

सकाळी राख भरत होते, गुडघे टेकून,
बाबांची कटकट,
तोच दारात एम्रिस, हातात रिकामी बादली.
"फेकू नकोस, माझ्या वाफ्याला लागते."
या खेपेला
दोन्ही गालांची दाढी केलेली.